भरती किती वाजता?

आमच्या घरी स्वप्नं सांगितली जातात ती सकाळच्या दुसऱ्या चहाला. पहिल्या चहाला कोणी धड जागं नसतं. दुसऱ्याला जीभ सैल होते. मग कोणीतरी कपात बघत म्हणतं, "काल काय विचित्र स्वप्न पडलं..."

परवा धाकट्या बहिणीने सांगितलं. "गिरगावच्या घरी गेले होते. म्हणजे घर आपलंच होतं, पण आपलं नव्हतं. जिना उलट्या बाजूला होता. दार बाबांनी उघडलं, पण चेहरा इस्त्रीवाल्याचा. आणि मला त्यात काही वावगं वाटलंच नाही."

टेबलाशी आम्ही पाच जण होतो. घर आपलं असून आपलं कसं नव्हतं, हे एकानेही विचारलं नाही. बाबांना इस्त्रीवाल्याचा चेहरा कसा, यावरही कोणी अडलं नाही. आईने कणीक मळता मळता एवढंच विचारलं, "मग?"

ही सवय तिला आजीकडून आलेली. आजीचे स्वप्नांबद्दल नियम होते. पहाटेचं स्वप्न खरं होतं. चांगलं पडलं तर पुन्हा झोपू नये. वाईट पडलं तर माणसांना न सांगता वाहत्या पाण्याला सांगावं. मोरीतला नळ सोडून त्याच्याशी पुटपुटणारी आजी मी पाहिली आहे. पण दुसऱ्याचं स्वप्न ऐकताना तिच्याकडे शब्द एकच होता. सापाने बोट धरलं, मग? विहिरीत आजोबा पेपर वाचत बसले होते, मग?

त्याच दिवशी अकराच्या सुमारास मी काळ्या घोड्याला होते. जहांगीर आर्ट गॅलरीची दारं अकराला उघडतात. बाहेर फुटपाथवर चित्रकार आपापली चित्रं मांडत होते. आत पहिल्या तासाभरात फारसं कोणी नसतं. मला ही वेळ आवडते. भिंतींनी अजून माणसांचा आवाज प्यायलेला नसतो. १९५२ सालापासून या भिंतींनी किती ऐकलं असेल. शिवाय गॅलरीतलं समोवार कॅफे होतं तोवर चित्रांवरचं खरं बोलणं तिकडेच व्हायचं, चहावर. ते २०१५ साली बंद झालं. आता लोकांना चित्रासमोरच बोलावं लागतं. तोटा झाला की फायदा, मी अजून ठरवलेलं नाही.

एका दालनात सात-आठ जणांचा ग्रुप शो होता. सगळी तरुण मंडळी. विषय अतिवास्तववाद. दाराशी भिंतीवर कन्सेप्ट नोट लावली होती. ती मी अर्धी वाचून सोडली. त्या नोटेत चित्रांपेक्षा जास्त धुकं होतं. एका चित्रात कानातून शिडी निघाली होती. एकात घड्याळ वितळत होतं. डालीने घड्याळं वितळवली १९३१ साली, आणि ते मूळ चित्र जेमतेम २४ सेंटिमीटर उंच आणि ३३ सेंटिमीटर रुंद आहे. इथलं घड्याळ सहा फुटी होतं. आकार वाढला होता, वेळ तीच होती.

कोपऱ्यातल्या एका चित्रासमोर मात्र चार माणसं उभी होती. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

चित्र साधं होतं. एक मध्यमवर्गीय खोली. चौकटीची फरशी, दिवाण, भिंतीवर कॅलेंडर, छताला पंखा. मधोमध गोदरेजचं लोखंडी कपाट, एक दार सताड उघडं. आत साड्या नाहीत, लॉकर नाही. आत समुद्र. राखाडी, संथ, खूप लांबवर गेलेला. कपाटासमोर फरशीवर चपलांचा एक जोड. चित्राखालच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'शीर्षकहीन'.

एक काका बोलत होते. बोलण्यावरून बँकेतून निवृत्त झालेले. "हे बघा, कपाट म्हणजे मन. समुद्र म्हणजे अबोध वासना. दार उघडं आहे म्हणजे दडपलेलं बाहेर येऊ पाहतंय. हे सगळं फ्रॉइडचं. आपल्याकडचं नाही हे."

त्यांच्या शेजारी खांद्याला झोळी लावलेली एक मुलगी होती. बोटांवर रंग, बहुधा जेजेची. ती म्हणाली, "काका, पण कपाट म्हणजे कपाटच असेल तर?"

काका हसले. मुलांच्या बोलण्यावर मोठे हसतात तसं.

काकांचं चुकलं होतं असं मला म्हणायचं नाही. अतिवास्तववादाच्या घराण्यात फ्रॉइडचं नाव घेतलं जातंच. पण एक गोष्ट मी पाहिली. काकांनी अर्थ सांगितला आणि पुढची दोन मिनिटं त्या चौघांपैकी कोणीच चित्राकडे बघितलं नाही. सगळे एकमेकांकडे बघत होते. अर्थ हाती आला की नजर रजेवर जाते.

'आपल्याकडचं नाही', हे मात्र मला पटलं नाही. मुंगी आकाशात उडाली आणि तिने सूर्य गिळला, असं आपल्या मुक्ताबाई सांगून गेल्या, त्याला सातशे वर्षं उलटली. कीर्तनात बुवा त्याचा अर्थ तासभर फोडून सांगतात हे खरं. पण बुवांनी सुरुवात करायच्या आधीच श्रोत्याने मुंगी बघितलेली असते. सूर्य गिळताना तिचं तोंड केवढं झालं असेल, हे लहानपणी मी बरेच दिवस मनात करून बघत असे.

चौघांतल्या एक काकू इतका वेळ गप्प होत्या. अंगावर सुती साडी, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. नवऱ्याबरोबर आल्या होत्या. त्या चित्राच्या अगदी जवळ गेल्या आणि वाकून म्हणाल्या, "पण फरशी कोरडी आहे."

"अगं, मागे हो, हात लागेल," नवरा म्हणाला.

"हात नाही लावत. अहो, पण बघा ना. आत एवढा समुद्र, आणि फरशी कोरडी. ओहोटी असणार."

कोणी काही बोललं नाही. काकूंना ते संमतीसारखं वाटलं असावं.

"ओहोटीच आहे. आतल्या पत्र्यावर रेघ बघा ओलीची. दुसऱ्या फळीपर्यंत. भरतीला पाणी तिथवर येतं. आमच्या श्रीवर्धनला धक्क्यावर अशीच रेघ असते. त्या रेघेखाली सगळं शेवाळी, वर कोरडं."

आम्ही वाकून पाहिलं. रेघ होती. इतकी बारीक की मला ती आधी सावली वाटली होती. तिच्या खाली पत्र्याचा रंग किंचित हिरवा होता.

"मग भरतीला फरशी भिजायला नको का?" मुलगी म्हणाली.

"तेच तर. म्हणजे भरतीच्या आत कोणीतरी दार लावून घेत असणार. रोज."

हे इतक्या सहज आलं की मुलगी चमकली. रोज. त्या खोलीत कोणी राहतं, ही गोष्ट तोवर आमच्यापैकी कोणाच्याच मनात आली नव्हती. कपाट म्हणजे मन, हे पटकन सुचलं. कपाट लावायला माणूस लागतो, हे सुचलं नाही.

"चपलांचे अंगठे आतल्या बाजूला आहेत," काकू पुढे म्हणाल्या. "माणूस आत गेलंय. कालवं काढायला जातात बायका ओहोटीला, तसं. चपला काठावर काढून."

तेव्हा त्यांचा नवरा, जो आत्तापर्यंत फक्त हात लागेल म्हणून धास्तावलेला होता, वर बघून म्हणाला, "पंखा चालू ठेवून गेलंय."

खरंच. पंख्याची पाती काढलेली नव्हती, एक धुरकट वर्तुळ होतं फक्त. मध्यमवर्गीय घरात पंखा चालू ठेवून माणूस केव्हा जातं? लगेच परत यायचं असतं तेव्हा.

बँकेतले काका पुढे सरकले. आता त्यांच्या आवाजात फ्रॉइड नव्हता. त्यांनी विचारलं, "मग भरती किती वाजता?"

मला आईची कणीक आठवली.

'म्हणजे?' आणि 'मग?' या दोन प्रश्नांत एवढाच फरक आहे. 'म्हणजे?' विचारणारा उंबरठ्यावर उभा राहतो. 'मग?' विचारणारा चपला काढून आत येतो. घरी स्वप्न ऐकताना आपण न शिकवता दुसरा प्रश्न विचारतो. गॅलरीची पायरी चढली की पहिला विचारू लागतो. इथे आपली परीक्षा आहे असं आपल्याला कोणी सांगितलं, देव जाणे.

असंच 'मग?' विचारत ऐकणारा एक माणूस होता, आंद्रे ब्रेताँ. तो १९१६ साली, विसाव्या वर्षी, सेंट-दिझिए इथल्या मनोरुग्णालयात काम करत होता. पहिलं महायुद्ध चालू होतं. तोफांच्या माऱ्याने मन हललेले सैनिक तिथे आणले जात. वैद्यकाचा विद्यार्थी म्हणून ब्रेताँ त्यांची स्वप्नं ऐकायचा, टिपून ठेवायचा. त्यातल्या एकाचं ठाम म्हणणं होतं की युद्ध वगैरे काही नाहीच. तोफगोळे खोटे आहेत, जखमा रंगवलेल्या आहेत. डॉक्टरांच्या लेखी हा आजार. ब्रेताँला मात्र त्या बोलण्याने झपाटलं. पुढे १९२४ साली अतिवास्तववादाचा जाहीरनामा त्याने पॅरिसमध्ये लिहिला. त्यात एका कवीचा किस्सा आहे. तो कवी म्हणे झोपायला जाताना दारावर पाटी लावायचा, कवी कामात आहे अशी. आमच्या आजीला हा माणूस आवडला असता. ती दुपारी झोपायची तेव्हा कोणाची उठवायची हिंमत नव्हती, आणि पाटीचीही गरज नव्हती.

तर या सगळ्या पंथाची सुरुवात, माझ्या मते, कुणीतरी खाटेशेजारी बसून ऐकण्यात आहे. वितळती घड्याळं नंतरची.

काकूंनी काकांच्या प्रश्नाचा विचार केला. गंमत म्हणून नव्हे, खराच.

"तिथी कळली तर सांगता येईल. तिथीची पाऊणपट करायची. जेवढे येतील तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा. मग सहा तासांनी ओहोटी."

हा कोकणातला पाढा मी ऐकला होता, कोणी चित्रासमोर वापरताना पाहिला नव्हता. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही त्याच्या मागून तेवढीच सरकते. कोकणाने त्याचा पाऊण तास केला आणि तोंडी हिशोबात बसवला. आगबोटी गेल्या, पाढा राहिला.

"पण चित्रात तिथी कुठून येणार?" मुलगी म्हणाली.

"कॅलेंडर आहे की," काकू म्हणाल्या, आणि चष्मा वर करून भिंतीवरच्या त्या कॅलेंडरपाशी गेल्या. चित्रातल्या. ते तळहाताएवढं होतं. वर गणपती, खाली महिन्याचे चौकोन. काकू थोडा वेळ बघत राहिल्या. मग सरळ झाल्या.

"तारखाच नाहीत."

चौकोन होते, रेघा होत्या. रविवारचा रकाना लालसुद्धा होता. आकडा एकही नव्हता. महिन्याचं नाव नव्हतं.

यानंतर पाचही जण गप्प झालो. पाच, कारण आता मीही त्यांच्यातलीच होते. आत कोणीतरी कालवं काढायला गेलं होतं. पंखा चालू होता. भरती कधी, हे त्या घरात कोणालाच कळायची सोय नव्हती. हे चित्रकाराने ठरवून केलं की आकडे काढायचा कंटाळा आला म्हणून, मला माहीत नाही. विचारता आलं असतं. खांबापाशी खुर्चीवर एक मुलगा मोबाइल बघत बसला होता, तोच चित्रकार असावा. काकूंचं 'तारखाच नाहीत' ऐकून त्याने मान वर केली. मग उठून आला आणि आमच्या मागे उभा राहून स्वतःचं चित्र बघू लागला.

पॅरिसमध्ये १९३८ साली अतिवास्तववाद्यांनी मोठं प्रदर्शन भरवलं तेव्हा दालनात अंधार ठेवला होता आणि येणाऱ्याच्या हातात टॉर्च दिला होता. ज्याने जिथे झोत टाकला, तेवढं चित्र त्याचं. छताला कोळशाची पोती टांगली होती म्हणे, बाराशे. त्या पोत्यांविषयी खूप लिहिलं गेलं आहे. मला टॉर्चचं जास्त वाटतं. जहांगीरमध्ये दिवे लख्ख होते, आणि तरी आमच्या प्रत्येकाकडे आपापला टॉर्च होता. काकांचा फ्रॉइडवर पडला. नवऱ्याचा पंख्यावर. विजेचं बिल तोच भरत असणार. काकूंचा ओलीच्या रेघेवर. माझा चौघांच्या पाठींवर.

मुलीच्या झोळीतून एक पुस्तक डोकावत होतं. चित्रकार प्रभाकर बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास'. १९९० सालचं पुस्तक, पण तिची प्रत नवी होती. बरं वाटलं. बरवे जन्मले १९३६ साली, कोकणातच, नागावला. त्यांना अतिवास्तववादी म्हणावं की नाही यावर जाणकार वाद घालोत. एक पान, एक घड्याळ, एखादं फळ, आणि भोवती भरपूर मोकळी जागा. तीही अनेकदा एनॅमलमध्ये रंगवलेली, म्हणजे आपण खिडक्या-दारं रंगवतो त्या रंगात. त्यांच्या चित्रातल्या पानासमोर उभं राहिलं की ते कशाचं प्रतीक आहे असं विचारवत नाही. ते पान इतकं पान असतं.

"नाव काय ठेवलंय?" काकांनी चिठ्ठीकडे बोट दाखवत विचारलं.

"शीर्षकहीन," मुलगी म्हणाली.

"ठेवायला हवं होतं काहीतरी."

यावर थोडी चर्चा झाली. मला ब्रुसेल्समधला अतिवास्तववादी चित्रकार माग्रित आठवला. सूट घालून, घरातल्या जेवणाच्या खोलीत ईझल मांडून चित्रं काढायचा. मागे अंगणात स्टुडिओ होता, पण चित्रं व्हायची ती जेवणाच्या खोलीतच. मित्र घरी जमत, नवीन चित्रापुढे बसत आणि नावं सुचवत. त्याच्या कितीतरी चित्रांची नावं अशी गप्पांतून आली आहेत. नावाने चित्राचा उलगडा होता कामा नये, एवढी मात्र त्याची अट. बारशाला आत्या नाव ठेवते तसंच हे. मूल तिचं नसतं, तिला ते नीट ठाऊकही नसतं, आणि नाव जन्मभर चिकटतं.

चित्रकार मुलगा अजून मागेच उभा होता. नाव कोणी पक्कं केलं नाही. काकूंना साडेबाराची गाडी गाठायची होती. जाताना त्यांनी पुन्हा एकदा चित्राकडे वळून पाहिलं. गॅसवर दूध ठेवून बाहेर पडताना पाहतात तसं.

मीही निघाले. अभिप्रायाच्या वहीत 'छान', 'खूप छान', 'अप्रतिम' लिहिलेलं होतं. मी काहीच लिहिलं नाही. खाली उतरून म्युझियमला वळसा घालून गेटवेकडे चालत गेले. ऊन चढलं होतं. बोटींच्या पायऱ्यांवर खालच्या तीन-चार पायऱ्या हिरव्या, ओल्या दिसत होत्या, आणि त्यांच्या वर एक रेघ होती.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिथी पाहिली. षष्ठी होती. म्हणजे भरती साडेचारला. ओहोटी सकाळी साडेदहालाच होऊन गेली होती. आम्ही चित्रासमोर उभे होतो तेव्हा पाणी चढायला लागलं होतं.